सुंदानी शेतकरी खेडे

सुंदानी शेतकरी खेडे ही इंडोनेशियातील जावा बेटाच्या पश्चिम भागात आढळणारी, मुख्यतः भातशेतीवर उभी असलेली ग्रामीण वस्ती आहे. पश्चिम जावा प्रांतात सुंदानी लोकांची बहुसंख्या आहे आणि बांतेन प्रांतातही ते राहतात. इ.स. २०१०च्या जनगणनेनुसार त्यांची संख्या सुमारे ३ कोटी ६७ लाख होती व जावानी लोकांखालोखाल तो इंडोनेशियातील दुसरा मोठा वांशिक समूह ठरला. बांडुंग, गारुत, तासिकमलाया, सुमेदांग, चियांजुर व सुकाबुमी यांभोवतीचा डोंगराळ प्रदेश 'प्रियांगान' या नावाने ओळखला जातो. ज्वालामुखींच्या राखेने सुपीक झालेली माती, भरपूर पाऊस आणि बारमाही ओढे यांमुळे हा प्रदेश जगातील दाट ग्रामीण लोकवस्तीच्या प्रदेशांपैकी एक झाला आहे.

या खेड्याचे एक वैशिष्ट्य असे की येथे जमीन पूर्वीपासून मुख्यतः वैयक्तिक व वंशपरंपरागत मालकीची आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन ती इतकी लहान झाली आहे की बहुसंख्य मालकांचे पोट तिच्यावर भरत नाही. त्यामुळे शेतीइतकाच प्रवास हाही ग्रामजीवनाचा आधार बनला आहे.

== रचना व प्रशासन ==

प्रशासकीय दृष्ट्या खेड्याला 'देसा' म्हणतात. हा शब्द संस्कृत 'देश' या शब्दावरून आला आहे. एका देसात अनेक वाड्या असतात. वाडीला 'कांपुंग' हे नाव आहे. त्याखाली शेजारगटांचे दोन स्तर असतात. ही शेजारगटांची पद्धत दुसऱ्या महायुद्धातील जपानी अंमलात (१९४२–४५) सुरू झाली आणि स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिली. गावप्रमुख थेट मतदानाने निवडला जातो. २०१४च्या ग्राम कायद्यानंतर केंद्र शासनाचा 'ग्रामनिधी' २०१५पासून थेट गावांकडे येऊ लागला. त्यातून प्रामुख्याने रस्ते, पाट व लहान पूल बांधले गेले.

अनेक सुंदानी गावांची व शहरांची नावे 'चि' या उपसर्गाने सुरू होतात. सुंदानी भाषेत 'चाइ' म्हणजे पाणी. 'चि' हे त्याचे संक्षिप्त रूप होय. चिआमिस, चियांजुर, चितारुम अशा नावांतून वस्ती आणि वाहते पाणी यांचा संबंध दिसतो.

== इतिहास ==

सुंदानी शेतकरी मूळचा फिरती शेती करणारा होता. जंगलाचा तुकडा तोडून व जाळून त्यावर एक-दोन वर्षे कोरडवाहू भात पेरायचा आणि मग दुसरीकडे जायचे, या पद्धतीला 'हुमा' म्हणतात. बांध घालून पाणी साठवलेल्या खाचरांची शेती, म्हणजे 'सावाह', प्रियांगानमध्ये मोठ्या प्रमाणावर पसरली ती सतराव्या शतकात, मध्य जावातील माताराम सत्तेच्या प्रभावाखाली. खाचरांबरोबर स्थिर वस्ती, जमिनीची कायम मालकी आणि तिच्यावरील कर या गोष्टीही आल्या.

१६७७ ते १७०५ या काळात प्रियांगान टप्प्याटप्प्याने डच ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेले. कंपनीने अठराव्या शतकाच्या प्रारंभी येथे कॉफीची सक्तीची लागवड सुरू केली. शेतकऱ्याने कॉफीची झाडे लावायची, फळे सुकवायची आणि ठरलेल्या दराने ती कंपनीच्या वखारीत पोहोचवायची, असा हा नियम होता. वसुलीचे काम 'बुपाती' (संस्कृत 'भूपती') या स्थानिक सरदारांकडे असे. त्यांना कॉफीतील हिस्सा आणि भाताचा दशांश मिळे. वखारी दूर असत. डोंगरातून कावडीने किंवा रेड्याच्या पाठीवरून माल नेण्यात शेतकऱ्याचे अनेक दिवस जात, आणि याच काळात त्याचे भात लावणीविना राही. १८७०–७१च्या सुधारणांनी बुपातींचे वसुलीचे अधिकार काढून घेतले व रोख जमीनकर लावला. कॉफीची सक्ती मात्र विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत पूर्णपणे संपली नव्हती. १८७०च्याच कृषी कायद्याने पडीक ठरवलेली जमीन खाजगी कंपन्यांना दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने मिळू लागली आणि डोंगरउतारांवर चहा, सिंकोना व रबर यांचे मळे उभे राहिले. खाली खेड्यांची लहान खाचरे आणि वर मळ्यांची सलग जमीन हे प्रियांगानचे दृश्य तेव्हापासूनचे आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ ते १९६२ या काळात कार्तोसुविर्यो यांच्या नेतृत्वाखालील 'दारुल इस्लाम' बंडाची मुख्य भूमी हाच प्रदेश होता. अनेक वाड्या जाळल्या गेल्या. दिवसा सैन्य आणि रात्री बंडखोर अशा कात्रीत सापडलेली कुटुंबे शेती सोडून बांडुंगसारख्या शहरांकडे गेली.

== घर व परसू ==

पारंपरिक सुंदानी घर जमिनीपासून हात-दीड हात उंच, दगडी ठोकळ्यांवर टेकवलेल्या लाकडी खांबांवर उभे असते. भिंती विणलेल्या बांबूच्या, म्हणजे कुडाच्या, आणि छप्पर पामवृक्षाच्या काळ्या तंतूंचे किंवा कौलांचे असते. पुढील ओसरीला 'तेपास' म्हणतात; पाहुण्यांचे स्वागत तेथेच होते. मागे चूल असलेले 'पावोन' आणि त्याला लागून तांदूळ ठेवण्याची 'गोआह' ही खोली असते. गोआह हा स्त्रियांचा अधिकार मानला जातो. तांदळाची देवता न्यी पोहाची सांग ह्यांग आस्री हिच्याविषयीच्या श्रद्धेशी तो जोडलेला आहे. सुंदानी लोक बहुतांशी मुस्लिम असूनही ही श्रद्धा शेतीच्या विधींत टिकून आहे.

घराभोवतीच्या परसात केळी, पपई, नारळ, मिरची, औषधी वनस्पती आणि कोंबड्या असतात. अनेक घरांच्या जवळ 'बालोंग' हे माशांचे तळे असते. ओढ्याचे पाणी बांबूच्या नळीतून तळ्यात येते आणि तेथून शेतात जाते. गावाबाहेर 'केबोन' व 'तालुन' यांची आळीपाळीची पद्धत आहे. बांबू व फळझाडांच्या दाट राईचा (तालुन) एक भाग तोडून तेथे काही वर्षे भाज्या व कडधान्ये घेतात (केबोन) आणि मग तो पुन्हा झाडांखाली जाऊ देतात. खाचर भात देते. रोजचे कालवण, सरपण आणि अडीअडचणीला विकण्याजोगा बांबू मात्र या जमिनीतून मिळतो. त्यामुळे भूमिहीन कुटुंबालाही परसू असणे महत्त्वाचे ठरते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उंच बांबूघरांची जागा विटा-सिमेंटच्या घरांनी घेतली. पक्के घर हे प्रतिष्ठेचे लक्षण बनले, पण पुरेशा सळया न घालता बांधलेल्या भिंती भूकंपात घातक ठरतात. २१ नोव्हेंबर २०२२ रोजी चियांजुर येथे झालेला भूकंप ५.६ तीव्रतेचा, म्हणजे मध्यम स्वरूपाचा होता. तरीही घरे कोसळून आणि दरडी पडून शेकडो लोकांचा मृत्यू झाला.

== शेती व श्रम ==

भाताचे रोप दाढीत तयार करून खाचरात लावले जाते. ओलिताची सोय असल्यास वर्षातून दोन, क्वचित तीन पिके घेतात. चिखलणीसाठी पूर्वी रेडे वापरत. आता बहुतेक ठिकाणी हातट्रॅक्टर असतो. नांगरणी व बांधबंदिस्ती पुरुषांकडे, तर लावणी व निंदणी स्त्रियांकडे अशी सर्वसाधारण विभागणी आहे. पाण्याची पाळी ठरवण्यासाठी 'मित्रा चाइ' (पाण्याचे मित्र) या नावाचे शेतकऱ्यांचे गट आहेत.

एकमेकांच्या शेतात मोबदल्याविना आळीपाळीने राबण्याच्या प्रथेला 'लिलिउरान' म्हणतात. मराठीतील 'सावड' ही तिच्याशी मिळतीजुळती प्रथा होय. मजुरीचाही एक खास प्रकार आहे. 'चेब्लोकान' पद्धतीत मजूर लावणी किंवा निंदणी विनामूल्य करतो. त्याच्या बदल्यात त्या शेताची कापणी करण्याचा आणि धान्यातील वाटा घेण्याचा हक्क त्याला मिळतो. मालकाला रोख पैसे द्यावे लागत नाहीत. मजुराला मात्र पुढील कापणीच्या आशेवर आधी राबावे लागते.

१९६०च्या दशकाच्या अखेरीपासून हरितक्रांतीने या व्यवस्थेत मोठे बदल केले. पूर्वी लोंबी एकेक करून 'एतेम' या छोट्या सुरीने कापत. त्यासाठी पुष्कळ हात लागत आणि गावातील गरीब स्त्रियांना त्यात वाटा मिळे. नव्या बुटक्या वाणांसाठी विळा वापरला जाऊ लागला व कापणीची माणसे कमी झाली. भातगिरण्या आल्यावर 'लिसुंग' या लाकडी उखळात भात कांडण्याचे स्त्रियांचे उत्पन्नही गेले. उत्पादन वाढले आणि १९८४मध्ये इंडोनेशिया तांदळाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला. परंतु ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांचा त्या तांदळावरील परंपरागत वाटा घटला. तपकिरी तुडतुड्यांच्या उपद्रवानंतर १९८६मध्ये शासनाने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

== जमीन व मालमत्ता ==

=== मालकी ===

मध्य व पूर्व जावातील अनेक भागांत एकोणिसाव्या शतकात जमीन गावाच्या सामाईक मालकीची होती आणि तिचे वेळोवेळी फेरवाटप होई. प्रियांगानमध्ये तसे क्वचितच होते. ज्याने जंगल साफ करून खाचर बनवले त्याची व त्याच्या वंशजांची ती जमीन, हा नियम होता. सामाईक मालमत्तेत गावाची इनामवजा जमीन, मशिदीची वक्फ जमीन आणि दफनभूमी यांचा समावेश होतो.

सुकार्णो यांनी आपल्या आत्मकथनात सांगितलेला प्रसंग या संदर्भात प्रसिद्ध आहे. १९२०च्या दशकात बांडुंगच्या दक्षिणेस त्यांना मार्हाएन नावाचा एक शेतकरी भेटला. शेत, कुदळ व झोपडी त्याच्या स्वतःच्या मालकीची होती. तो कोणाचा मजूर नव्हता, तरीही दरिद्री होता. उत्पादनसाधनांचा मालक असूनही गरीब असलेल्या या वर्गासाठी सुकार्णो यांनी 'मार्हाएन' हे नाव रूढ केले आणि आपल्या राजकीय विचाराला 'मार्हाएनवाद' म्हटले. इंडोनेशियाच्या कृषिगणनेत अर्ध्या हेक्टरहून कमी जमीन असलेल्या शेतकऱ्याला 'गुरेम' म्हणतात. कोंबड्यांच्या अंगावर आढळणाऱ्या बारीक किड्याचे ते नाव आहे. सुंदानी खेड्यांतील शेतकरी कुटुंबांपैकी बरीचशी याच वर्गात मोडतात.

=== कायदा व व्यवहार ===

२४ सप्टेंबर १९६०च्या मूलभूत कृषी कायद्याने वसाहतकालीन दुहेरी व्यवस्था रद्द करून पूर्ण मालकीचा हक्क फक्त इंडोनेशियन नागरिकांसाठी राखला. त्याच काळातील पूरक कायद्यांनी शेतकरी कुटुंबाकडे किमान २ हेक्टर जमीन असावी असे उद्दिष्ट ठेवले, कमाल धारणेवर मर्यादा घातली, दूर राहणाऱ्या मालकांच्या शेतजमीन धारणेला मनाई केली आणि पीकवाट्याच्या करारांना किमान मुदत ठरवून दिली. १९६५च्या रक्तरंजित सत्तांतरानंतर जमीनसुधारणेचा पाठपुरावा थांबला. शहरातील लोकांच्या नावे असलेली खाचरे आणि तीच कसणारे पूर्वीचे मालक हे चित्र आजही अनेक गावांत दिसते.

कसण्याचे नेहमीचे प्रकार तीन आहेत. 'मारो' म्हणजे अर्धेलीने कसणे. यात पीक मालक व कूळ यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जाते. दुसरा प्रकार ठरीव खंडाने जमीन घेण्याचा. तिसरा 'गादे' म्हणजे ताबेगहाण: पैसे परत मिळेपर्यंत सावकार जमीन कसतो आणि पीक त्याचे होते. लग्न, आजारपण किंवा मुलांचे शिक्षण यांसाठी जमीन गादे देण्यात येते. सात वर्षे वा अधिक काळ अशा गहाणात राहिलेली शेतजमीन काही न घेता मूळ मालकाला परत द्यावी, असे १९६०चा कायदा सांगतो. मात्र व्यवहार ओळखीपाळखीच्या माणसांत व तोंडी होत असल्याने हा नियम क्वचितच बजावला जातो.

ग्रामीण जमिनीचा पुरावा दीर्घकाळ केवळ गावच्या नोंदवहीतील करनोंद हाच होता. करनोंद म्हणजे मालकीचा दाखला नव्हे; यावरून वाद होत. २०१७पासून शासनाने सर्वंकष जमीननोंदणीची मोहीम हाती घेतली व लाखो प्रमाणपत्रे दिली. प्रमाणपत्रामुळे मालकी सुरक्षित होते, तसेच बँकेचे कर्जही मिळते. प्रमाणपत्र तारण ठेवण्याला इंडोनेशियन बोलीत विनोदाने 'त्याला शाळेत घातले' असे म्हणतात.

=== वारसा व विवाह ===

सुंदानी नातेव्यवस्थेत आई व वडील या दोन्ही बाजू सारख्याच मानल्या जातात आणि मुलींनाही जमीन मिळते. इस्लामी वारसानियमानुसार मुलाला मुलीच्या दुप्पट वाटा आहे. प्रत्यक्षात अनेक कुटुंबे समजुतीने समान वाटण्या करतात, किंवा आईवडील आपल्या हयातीतच दानपत्राने तुकडे देऊन टाकतात. आईवडिलांना अखेरपर्यंत सांभाळणाऱ्या अपत्याकडे, बहुधा मुलीकडे, घर राहते.

विवाहानंतर दोघांनी मिळवलेल्या संपत्तीला 'गुना काया' म्हणतात व घटस्फोटात ती वाटली जाते. विवाहापूर्वीची संपत्ती ज्याची त्याची राहते. गरीब पुरुषाने श्रीमंत स्त्रीशी केलेल्या विवाहाला 'न्यालिंदुंग का गेलुंग', म्हणजे 'अंबाड्याच्या आश्रयाला जाणे', असे नाव आहे. या शब्दप्रयोगात थोडी थट्टा आहे; पण स्त्रीच्या नावे स्वतंत्र जमीन असणे ही येथे नेहमीची बाब होती, हेही त्यातून कळते.

समान वाटणीची ही न्याय्य पद्धत जमिनीच्या विखंडनाचेही एक कारण आहे. एका हेक्टरचे तीन पिढ्यांत दहा-बारा तुकडे होतात. मग एखादा भाऊ आपला वाटा दुसऱ्याला विकतो आणि गाव सोडतो.

== प्रवास व दळणवळण ==

=== पायवाटेपासून महामार्गापर्यंत ===

सुंदानी साहित्यात प्रवासाचे स्थान जुने आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या 'बुजांगा मानिक' या जुन्या सुंदानी काव्यात एक तपस्वी पायी जावा ओलांडून बालीपर्यंत जातो व परततो. वाटेतील असंख्य स्थळांची त्यात नोंद आहे. ताडपत्रावरील हे हस्तलिखित सतराव्या शतकापासून ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

शेतकऱ्याचा प्रवास मात्र खाचरांच्या बांधावरून, खांद्यावर कावड घेऊन आणि 'रावायान' या बांबूच्या झुलत्या पुलावरून होई. १८०८मध्ये गव्हर्नर-जनरल डेंडल्स याने अन्येर ते पानारुकान असा सुमारे १,००० कि.मी. लांबीचा मोठा टपालमार्ग वेठबिगारीने बांधायला घेतला. तो बोगोर, चियांजुर, बांडुंग, सुमेदांग या प्रदेशांतून जातो. सुमेदांगजवळील 'चादास पांगेरान' या खडकाळ घाटात अनेक मजूर मृत्युमुखी पडले. रस्ता लोकांनी बांधला. पण आरंभी त्याचा उपयोग टपाल, सैन्य आणि कॉफी यांनाच झाला. १८८४मध्ये बोगोरहून सुकाबुमी व चियांजुरमार्गे रेल्वे बांडुंगला पोहोचली आणि पुढे गारुतकडे गेली. तिच्यामुळे भाजीपाला व माणसे बटाव्हियाला (आताचे जकार्ता) एका दिवसात जाऊ लागली.

१९७०च्या दशकात जपानी बनावटीच्या छोट्या प्रवासी गाड्या डोंगरातील गावांपर्यंत आल्या व देलमान या घोडागाड्या मागे पडल्या. त्यानंतर मोटारसायकल आली. भाड्याने माणसे नेणाऱ्या मोटारसायकलीला 'ओजेक' म्हणतात. गावाच्या फाट्यावर उभे राहून ओजेक चालवणे हा भूमिहीन तरुणांचा नेहमीचा व्यवसाय आहे. गाडी बहुधा हप्त्यांवर घेतलेली असते, आणि हप्ते फिटल्यावर तिचे मालकीपुस्तक तारण ठेवून कर्ज काढता येते. अशा रीतीने वाहन हे जमिनीनंतरचे दुसरे तारण बनले आहे.

२००५मध्ये चिपुलारांग द्रुतगती मार्ग आणि ऑक्टोबर २०२३मध्ये जकार्ता–बांडुंग अतिवेगवान रेल्वे सुरू झाली. सुमारे १४२ कि.मी. लांबीच्या या लोहमार्गावर गाड्या ताशी ३५० कि.मी. वेगाने धावतात. रस्त्यालगतच्या जमिनीचे भाव वाढले की लहान शेतकऱ्याला शेती करण्यापेक्षा ती विकणे अधिक किफायतशीर वाटू लागते.

=== पोटासाठी स्थलांतर ===

अनेक जिल्ह्यांत स्थलांतर विशिष्ट व्यवसायाशी जोडलेले आहे. गारुतचे न्हावी जकार्ता व इतर शहरांत दुकाने चालवतात. तासिकमलायाचे फिरते व्यापारी घरोघरी वस्तू उधारीवर विकून हप्ते गोळा करतात. कुनिंगानचे लोक विद्यार्थ्यांच्या वस्तीत चहा, शेवया व मुगाची खीर विकणारी छोटी उपाहारगृहे चालवतात. नवा मुलगा गावातील आधी गेलेल्या नातेवाइकाकडे उमेदवारी करतो, काम शिकतो आणि मग स्वतःचे दुकान काढतो. लावणी-कापणीच्या दिवसांत यांपैकी काही जण परत येतात.

सुकाबुमी व चियांजुर येथील अनेक स्त्रिया घरकामासाठी परदेशी, विशेषतः सौदी अरेबियात गेल्या. त्यांनी पाठवलेल्या पैशांतून पक्की घरे उभी राहिली व गहाण जमिनी सुटल्या. मात्र छळ, थकलेले वेतन व कुटुंबाची ताटातूट यांच्या तक्रारीही वाढल्या. २०१५मध्ये इंडोनेशियाने मध्यपूर्वेतील देशांत घरकामगार पाठवण्यास बंदी घातली.

रमजान ईदच्या सुमारास गावी परतण्याच्या प्रथेला 'मुदिक' म्हणतात. बांडुंगच्या आग्नेयेस असलेल्या नाग्रेग घाटातील वाहनांच्या रांगा ही दरवर्षीची बातमी असते. वर्षभर शहरात राहणारा माणूस या दिवसांत पूर्वजांच्या कबरींना भेट देतो, वडीलधाऱ्यांची क्षमा मागतो, आणि जमिनीच्या वाटण्या, गहाणखते व सोयरिकी यांवरही याच काळात बोलणी होतात.

== सामाजिक जीवन ==

सुंदानी भाषेत ऐकणाऱ्याच्या वयानुसार व दर्जानुसार शब्द बदलतात. ओसरीवर बसलेल्या माणसासमोरून जाताना किंचित वाकून 'पुन्तेन' (क्षमा असावी) म्हणतात व त्याला 'मांगा' (या, जा) असे उत्तर मिळते. धार्मिक बाबतींत 'आजेंगान' या विद्वानाला मान असतो. 'बेआस पेरेलेक' या प्रथेत प्रत्येक घर रोज मूठभर तांदूळ बाजूला काढते. तो गोळा करून गरजू कुटुंबाला किंवा सामाईक कामाला दिला जातो. कापणीनंतरच्या 'सेरेन ताउन' उत्सवात नवे भात मिरवत नेऊन 'लेउइत' या कोठारात ठेवतात.

== परंपरानिष्ठ वस्त्या ==

काही वस्त्यांनी मालमत्ता व प्रवास यांवर स्वतःची बंधने कायम ठेवली आहेत. बांतेनमधील कानेकेसचे बादुई लोक खाचरे न करता आजही हुमा शेती करतात. त्यांच्यापैकी अंतर्गत बादुई वाहनात बसत नाहीत व पादत्राणे घालत नाहीत. दरवर्षी 'सेबा' या विधीसाठी शेतमाल घेऊन ते शासनाच्या प्रतिनिधीला भेटायला पायीच जातात. हालिमुन पर्वतातील चिप्तागेलार येथे वर्षातून एकच पीक घेतात आणि भात विकण्यास मनाई आहे. वीज व दूरचित्रवाणी मात्र त्यांनी स्वीकारली आहे. तासिकमलायातील कांपुंग नागा येथे विजेची जोडणी नाही आणि मुख्य रस्त्यावरून शेकडो पायऱ्या उतरून तेथे जावे लागते. ही वस्ती १९५६मध्ये दारुल इस्लामच्या बंडखोरांनी जाळली होती. ती जुन्याच पद्धतीने पुन्हा बांधण्यात आली.

२०१३मध्ये इंडोनेशियाच्या संविधान न्यायालयाने परंपरागत समुदायांची जंगले ही राज्याची जंगले नाहीत, असा निर्णय दिला. त्यानुसार २०१६च्या अखेरीस मान्यता मिळालेल्या पहिल्या नऊ समुदायांत बांतेनमधील कासेपुहान कारांग ही सुंदानी वस्ती होती.

== धरणे व विस्थापन ==

मोठ्या प्रकल्पांनीही गावांची मालमत्ता बदलली. चितारुम नदीवरील जातिलुहुर, सागुलिंग व चिराता ही धरणे १९६० ते १९८०च्या दशकांत बांधली गेली. शेती गमावलेल्या काही कुटुंबांनी सागुलिंग व चिराता जलाशयांत तरंगत्या पिंजऱ्यांतून मत्स्यपालन सुरू केले. पुढे त्या व्यवसायात बाहेरचे भांडवल शिरले. सुमेदांग जिल्ह्यातील जातिगेदे धरणात ऑगस्ट २०१५मध्ये पाणी साठवण्यास प्रारंभ झाला आणि अनेक गावे, खाचरे व कबरी पाण्याखाली गेल्या. विस्थापितांना रोख भरपाई मिळाली; पण पुरेसे पाणी असलेली तितकीच खाचरे आसपास विकत मिळणे अवघड होते. त्यामुळे अनेकांनी मजुरी, ओजेक किंवा शहर यांचा मार्ग धरला.